पस्तीस मिनिटांचा नागरिकशास्त्राचा तास: आयतं ऑनलाइन साहित्य कुठून घ्यायचं, वर्गात कसं उतरवायचं

नागरिकशास्त्र हा विषय बहुतेक शाळांत इतिहासाच्या शिक्षकाच्या गळ्यात 'त्याबरोबर हेही' म्हणून पडतो. वेळापत्रकात तो दुपारच्या सुट्टीनंतर बसतो, आणि स्नेहसंमेलनाची तालीम किंवा पोर्टलवर माहिती भरायचं काम निघालं की पहिला बळी त्याचाच. मग उरलेल्या तासांत पोरांना धडा वाचून दाखवायचा, रिकाम्या जागा भरून घ्यायच्या, झालं. मी स्वतः कित्येक वर्षं हेच केलं.

ऑनलाइन शोधायला लागलो तेव्हा पीपीटी, प्रश्नमंजूषा आणि व्हिडिओ खंडीभर सापडले. वापरून पाहिले. त्यातल्या बहुतेकांत पुस्तकातलंच वाक्य रंगीत पट्टीवर चढवून मागे संगीत लावलेलं असतं. 'संसदेची दोन सभागृहे असतात' हे पोरांना पुस्तकातून जितकं कळतं तितकंच पडद्यावरून कळतं. हळूहळू लक्षात आलं, की या विषयाचं सगळ्यात चांगलं आयतं साहित्य शिक्षणासाठी बनवलेलंच नाही. पंचायतीचा आराखडा, खासदाराने विचारलेला प्रश्न, मतमोजणीचा तक्ता, संविधान सभेतलं भाषण अशी ती कामकाजाची कागदपत्रं आहेत. सगळी फुकट आहेत आणि बहुतेक ठिकाणी लॉगिनही लागत नाही. आपल्याला फक्त कात्री चालवायची असते. एका तासाला एक पान आणि एक प्रश्न, त्याहून जास्त नको.

आधी घरी करायची तयारी

शाळेतल्या नेटवर विसंबू नका. स्मार्ट टीव्ही असतो, पण नेमका त्या तासाला वायफाय रुसतो. म्हणून फोनमध्ये 'नाशा' नावाचं एक फोल्डर करा आणि पुढच्या गोष्टी रविवारी उतरवून ठेवा.

बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात आहेत. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा'वर जाता येतं. हे केंद्र सरकारचं व्यासपीठ 2017 पासून सुरू आहे. तिथले व्हिडिओ कमी-जास्त दर्जाचे आहेत, त्यामुळे आधी स्वतः पूर्ण पाहून त्यातली तीन मिनिटं निवडा. अख्खा व्हिडिओ लावला की मागचे बाक झोपतात.

भारताच्या संविधानाची मराठी प्रत केंद्रीय विधी मंत्रालयाच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 'इंडिया कोड'वर सापडतो. एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच. नोंदी जाणत्यांनी लिहिलेल्या आहेत, पण बऱ्याच जुन्या आहेत. 'ग्रामपंचायत' या विषयावर तिथे वाचलेलं 73 व्या घटनादुरुस्तीच्या आधीचं नाही ना, एवढं तपासून घ्या. पंचायतींना संविधानात स्थान देणारी ही दुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली.

पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' आहे का, हे पाहायची सवय स्वतःला लावा आणि मग पोरांनाही. सरकारी वाटतील अशी नावं घेऊन जाहिराती विकणारी संकेतस्थळं ढिगाने आहेत.

उद्देशिका: दोन पानं शेजारी ठेवा

सातवीत उद्देशिका येते तेव्हा पोरांना ती पाठ असते, कारण प्रार्थनेनंतर म्हणून म्हणून ओठांवर बसलेली असते. पाठ असलेली गोष्ट वाचायला लावणं अवघड जातं. त्यावर मला सापडलेला उपाय असा.

संविधानाची हस्तलिखित इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या अक्षरातली आहे, आणि तिची सजावट नंदलाल बोस व शांतिनिकेतनातल्या त्यांच्या चमूने केली. तिची पानं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात पाहता येतात. त्यातलं उद्देशिकेचं पान पडद्यावर ठेवा. पोरांच्या हातात पुस्तकातली मराठी उद्देशिका द्या आणि एकच काम सांगा: पुस्तकात आहे पण पडद्यावर नाही, असं काय दिसतंय?

इंग्रजीत बरी असलेली दोन पोरं मोठ्याने वाचतात, बाकीची बोट ठेवून शोधतात. 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' पाच मिनिटांत सापडतात. 'एकात्मता' सापडायला वेळ लागतो, आणि ती शोधणारा पोरगा मग दिवसभर हवेत असतो. हे शब्द 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आले, हे आपण त्यानंतर सांगायचं. 'संविधान बदलता येतं' हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापेक्षा तो बदल डोळ्यांनी दिसणं फार वेगळं.

वेळ उरला तर निवडणुकांविषयीचा पंधरावा भाग उघडा. तिथे छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग यांची चित्रं आहेत. वर्ग एकदम जागा होतो, हे वेगळं सांगायला नको.

ग्रामपंचायत: इथे दोन-तीन तास खर्च करा

सहावीचा 'स्थानिक शासन संस्था' हा भाग म्हणजे पोरांच्या दारातला विषय, आणि नेमका तोच आपण सगळ्यात कोरडा शिकवतो. यासाठी केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाचं 'ई-ग्रामस्वराज' वापरा. हे पोर्टल 24 एप्रिल 2020 ला सुरू झालं. देशभरातल्या पंचायतींचे आराखडे आणि जमाखर्च त्यावर असतो. 'मेरी पंचायत' नावाचं मोबाइल ॲपही आहे.

घरी बसून अहवालांच्या भागात राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडत जा. गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतं आणि ते नेहमी आपल्या मनासारखं नसतं. एका नावाची दोन गावं तालुक्यात असतील तर नीट पाहा. मग आपल्या पंचायतीचा एका वर्षाचा मंजूर आराखडा उघडा. तो दहा-पंधरा पानांचा असू शकतो. त्यातली आठ-दहा कामंच निवडा, मराठीत एका कागदावर लिहा आणि झेरॉक्स काढा. अख्खा आराखडा वर्गात दाखवायचा मोह टाळा.

पहिल्या तासाला तो कागद वाटायचा आणि विचारायचं, 'यातलं कुठलं काम तुम्ही पाहिलंय?' दुसऱ्या तासाला पैशाकडे वळायचं. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा पंचायतीला दोन खिशांत येत होता. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे. 2021-22 पासून हे प्रमाण 60 आणि 40 असं होतं. पोरांना मी घरचं उदाहरण देतो: आजीने वह्यांसाठी म्हणून दिलेले शंभर आणि खाऊला दिलेले पन्नास. वह्यांच्या पैशाचा वडापाव खाल्ला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. मग कागदावरच्या प्रत्येक कामासमोर 'बं' किंवा 'अ' लिहायला लावायचं. चुकतात, भांडतात. गटार बंधितमध्ये येतं, मग रस्ता का नाही, हा प्रश्न हमखास येतो. घरपट्टी आणि पाणीपट्टी हा पंचायतीचा स्वतःचा पैसा. त्याची घरची पावती आणायला सांगितली तर निम्म्या घरांत शोधाशोध होते आणि आयांकडून निरोप येतो, 'गुरुजी, परत पाठवा बरं का.'

तिसरा तास ग्रामसभेचा. आपल्याकडे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जो आकडा कमी असेल तो. वर्गालाच ग्रामसभा करा. एकाला सरपंच, एकीला ग्रामसेवक करा (2024 मध्ये पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, पुस्तकात जुनंच असेल). विषयपत्रिकेला तोच झेरॉक्सचा कागद. आणि मुद्दाम गणपूर्ती होऊ देऊ नका, काही पोरांना बाहेर उभं करा. सभा तहकूब. मग सांगा, की तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नसते. 'मग पहिल्यांदा मोजलं कशाला?' असं एकजण तरी विचारतोच. उत्तर देऊ नका, घरी विचारून यायला सांगा.

इथे माझी एक चूक सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी मी हा कागद कुणालाच न कळवता वाटला. एका मुलीने वाचलं की तिच्या आळीत गटाराचं काम धरलेलं आहे. ती म्हणाली, 'सर, आमच्या आळीत गटारच नाही.' संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं आणि दुसऱ्या दिवशी सरपंच शाळेच्या पायरीवर. ते काम नुसतं आराखड्यात होतं, त्यावर खर्च पडलेला नव्हता. हा फरक मी वर्गात सांगितलाच नव्हता. आराखडा म्हणजे इरादा, खर्च म्हणजे झालेलं काम, आणि पोर्टलवरची नोंद कधीकधी दोन्हींच्या मागे असते. आता मी आधी पंचायतीत जाऊन सांगतो आणि तिसऱ्या तासाला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाच बोलावतो. ते आले की पोरं अधिक नेमके प्रश्न विचारतात, आणि मलाही कळतं की आळीचं जुनं नाव कागदावर तसंच राहिलंय.

शहरातल्या शाळांनी महापालिकेचं अंदाजपत्रक घ्यावं, पण शेकडो पानांच्या त्या चोपड्यातून फक्त आपल्या प्रभागाचं एक पान. सोबत घराच्या मालमत्ताकराचं बिल. त्यावरचे वेगवेगळे कर वाचायलाच एक तास जातो.

आठवीच्या वर: संविधान सभेतलं एक भांडण

संविधान सभेचे वादविवाद लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत. शोधायला सोपी मांडणी मात्र 'कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेट'वर मिळते, जे बेंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्चने उभं केलं आहे. तारीख, सदस्य किंवा कलम यांवरून शोधता येतं. भाषणं इंग्रजीत आहेत, तेव्हा चार-पाच वाक्यांचं मराठी आपणच करायचं. मी यंत्राचं भाषांतर कच्चा खर्डा म्हणून घेतो आणि मग हाताने दुरुस्त करतो. तसंच्या तसं वाटलं तर पोरं हसतात, आणि बरोबर हसतात.

ग्रामपंचायतीच्या धड्याला जोडून 4 नोव्हेंबर 1948 चं भाषण घ्या. मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गोडव्यांवर सडकून टीका केली. त्यांच्या मते खेडं म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं आगर. दुसऱ्याच दिवशी ह. वि. कामत यांच्यासारख्या सदस्यांनी त्यांना जोरदार उत्तर दिलं. आणि 22 नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती मांडली, ती आंबेडकरांनी स्वीकारली. तेच आजचं कलम 40.

वर्गाचे दोन गट करा, दोन्हींना एकेक उतारा द्या. बाजू चिठ्ठी टाकून ठरवा, स्वतः निवडू देऊ नका. निवडू दिलं की आडनावं बघून गट पडतात, हे मी पाहिलंय. आपल्या गावात आंबेडकरांचं म्हणणं आज कितपत खरं आहे, हा प्रश्न आपण विचारायची गरज पडत नाही. तो आपोआप येतो आणि तो सांभाळायची तयारी ठेवूनच वर्गात पाऊल टाका. कुणाच्या घराकडे, वस्तीकडे बोट जाऊ लागलं की चर्चा थांबवून उताऱ्याकडे परत आणायची.

संसद आणि विधिमंडळ

संसद टीव्हीचं यूट्यूब चॅनेल सगळे सुचवतात. गोंधळाचे तुकडे लावले तर पोरांना मजा वाटते, पण हाती काही लागत नाही. मला प्रश्नोत्तरांचे कागद जास्त उपयोगी वाटतात. 'संसद डॉट इन'वर लोकसभेचे प्रश्न सदस्याच्या नावाने आणि मंत्रालयानुसार शोधता येतात. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराने विचारलेला एखादा शेतीवरचा, रेल्वेवरचा प्रश्न काढा. प्रश्न आणि उत्तर मिळून साधारण दोन-तीन पानं असतात.

आधी फक्त प्रश्न वाटा. 'तुम्ही मंत्री असता तर काय उत्तर दिलं असतं?' पाच ओळी लिहून घ्या. मग खरं उत्तर द्या आणि एक काम: विचारलं काय होतं आणि उत्तर कशाचं दिलंय, त्याच्या रेघा जुळवा. कुठे जुळत नाही ते पोरांना पटकन दिसतं. यातूनच तारांकित आणि अतारांकित प्रश्नांतला फरक सांगायचा. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित प्रश्न लागतात. त्यांचं उत्तर तोंडी दिलं जातं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकित 230 पर्यंत, त्यांचं उत्तर लेखी. 'म्हणजे उलट प्रश्न विचारता येतो तो तारेचा' अशी व्याख्या आमच्या वर्गात एकाने केली, ती पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा टिकली.

विधानसभेच्या बाबतीत मराठी माध्यमाला एक मोठा फायदा आहे, कामकाज मराठीतच चालतं. लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव हे शब्द डिसेंबरात नागपूर अधिवेशनाच्या बातम्यांत रोज येतात. तो आठवडा साधा, वर्गात वर्तमानपत्र आणा.

निवडणूक

दहावीच्या 'निवडणूक प्रक्रिया' या धड्यासाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल घ्या. आपल्या विधानसभा मतदारसंघाचा 2024 चा निकाल काढा: उमेदवार, प्रत्येकाची मतं, नोटा. गणिताच्या शिक्षकांना सोबत घेऊन टक्केवारी काढून घ्या. जिंकलेल्या उमेदवाराला एकूण मतदारांपैकी किती जणांनी मत दिलं, हा आकडा आला की वर्ग गप्प होतो. मात्र पक्षांवर शेरेबाजी सुरू झाली तर नावं खोडून 'उमेदवार क, ख, ग' करा. मी आता सुरुवातच तशी करतो.

एक गोंधळ शिक्षकांतही असतो. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा आणि ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा. जिल्हा परिषदेचा गट, पंचायत समितीचा गण हे पाहायचं तर राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जा.

अकरावी-बारावीच्या वर्गात नमुना 6, म्हणजे मतदार यादीत नाव नोंदवायचा अर्ज, प्रत्यक्ष भरून घ्या. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे अठरा पूर्ण झाली का ते या तारखांना पाहतात. वर्गात सराव कोऱ्या कागदावर करायचा. पडद्यावर एखाद्या विद्यार्थ्याचा आधार क्रमांक किंवा मोबाइल दिसता कामा नये.

मॉनिटरची निवडणूक मतदान यंत्राच्या मोबाइल ॲपवर घेणं आता बऱ्याच शाळांत चालतं. चांगलं आहे, पण मजा बटणात संपते. त्याआधी प्रत्येक उमेदवाराला अर्ज भरू द्या, छाननी करा, माघारीची मुदत ठेवा. आमच्याकडे एक अर्ज सही राहिली म्हणून बाद झाला आणि त्यावर झालेलं भांडण दोन तास पुरलं.

न्यायालय आणि माहितीचा अधिकार, थोडक्यात

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या सुनावण्यांचं थेट प्रक्षेपण 27 सप्टेंबर 2022 पासून होतं. पाच मिनिटं दाखवा. चित्रपटातल्यासारखं कुणी ओरडत नाही, एवढं दिसलं तरी पुरे. काही निवाड्यांची मराठी भाषांतरं न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेत, पण शाळेतल्या पोरांना ती जड जातात.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकवण्याआधी कलम 4 शिकवा. कार्यालयांनी न मागता जाहीर करायच्या 17 बाबी त्यात आहेत, आणि ते अनुदानित शाळांनाही लागू होतं. आपल्या शाळेचा तो फलक किंवा फाइल कुठे आहे, हे पोरांना शोधायला लावा. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी कल्पना द्या, म्हणजे धूळ झटकायला वेळ मिळेल.

गुण आणि नियोजन

हे सगळं करून परीक्षेत काय, हा प्रश्न सहकारी विचारतात. अंतर्गत गुणांचा गृहपाठ म्हणून यातला एकच कागद लावा: आराखड्याचा, प्रश्नोत्तराचा किंवा निकालाचा. पोराने स्वतः पाहिलेली एक गोष्ट आणि न कळलेली एक गोष्ट, एवढं पानभर लिहिलं की पूर्ण गुण. नेटवरून उतरवलेला मजकूर 'न कळलेली गोष्ट' या रकान्यात लगेच उघडा पडतो.

जूनमध्ये नियोजन वहीत चार तारखा लाल पेनाने लिहून ठेवा: 26 नोव्हेंबर संविधान दिन, डिसेंबरचं नागपूर अधिवेशन, 25 जानेवारी राष्ट्रीय मतदार दिन आणि 26 जानेवारीच्या सुमाराची ग्रामसभा. ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. तिचा फोटो काढून आणायचं काम एका विद्यार्थ्याकडे द्या. शक्यतो ज्याचं घर पंचायतीसमोर आहे त्याच्याकडे, नाहीतर फोटो ग्रामसभा झाल्यावर येतो.